पाण्याचा सल्ला

फर्निचरच्या दुकानावर जो मोठा हॉल आहे, तिथे पूर्वी नाचाचे वर्ग चालायचे. आता तिथे पाणी बोलायचं.

पाणी बोलतं म्हटल्यावर ऐकणाऱ्यांचा काय तोटा. रांग जिन्यावरून खाली उतरून फुटपाथवर आली होती. त्या रांगेत एक दंतवैद्य होते, बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर होते, मुलीला परदेशी शिकायला पाठवावं की नाही हे विचारायला आलेलं एक जोडपं होतं, आणि झाडून सगळ्यांच्या तोंडाला पांढरा रुमाल बांधलेला होता. माणसाचा उच्छ्वास मलिन असतो, तो तबकाला लागला तर पाणी रुसतं, असा तिथला नियम होता. जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणत आलेले दंतवैद्य स्वतः तोंड बांधून निमूट उभे होते. नाचवर्गाचे भिंतभर आरसे तसेच राहिले होते, त्यामुळे दीडशे भक्तांचे तीनशे दिसायचे. जलगुरूंचा हा एक चमत्कार मात्र अस्सल होता, आणि तो घरमालकाने भाड्यातच दिला होता.

रांगेच्या मध्यावर तिघं जण उभे होते. मुख्य बसस्थानकावर घोषणा करणारे दादा, त्यांची बायको आणि त्यांची धाकटी बहीण. बहीण धातू तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिथे तिला सगळे 'कशावरूनबाई' म्हणत. 'आज लिफ्ट बंद आहे' असं कोणी म्हणालं तरी ह्या विचारणार, 'कशावरून?' आणि जाऊन बटण दाबून बघणार. अशा माणसाला घरात आणि कचेरीत जितकं प्रेम मिळतं तितकंच त्यांना मिळत असे. म्हणजे बेताचंच.

आज त्या गप्प होत्या, कारण प्रश्न दादाच्या गळ्याचा होता. दादाच्या गळ्यात गाठ निघाली होती. सर्जनने सरळ सांगितलं होतं, "लवकर सापडली आहे. गुरुवारी काढू, बरे व्हाल. थांबलात तर पसरेल. आवाज काही दिवस बसेल, क्वचित कायमचा बदलतो." या चार वाक्यांतलं दादांना फक्त शेवटचं ऐकू आलं. आवाज हीच त्यांची कमाई आणि तोच त्यांचा मान. दोन तास उशिरा येणाऱ्या गाडीची घोषणाही ते अशी करायचे, की ताटकळलेल्या माणसाला आपला सत्कार झाल्यासारखं वाटावं.

दाराशी एक गोड मावशी प्रत्येकाला बाजूला बसवून विचारपूस करत होती. तिने पन्नाशीच्या दादांना 'बाळा' म्हटलं. त्यासरशी दादा विरघळले.

"मला नाही करायचं ते ऑपरेशन, मावशी. आवाज गेला तर मी कोण?"

"पाणी सांगेल हो बाळा," असं म्हणत मावशी पडद्यामागे गेली आणि मखमलीत गुंडाळलेलं पितळी तबक घेऊन आली.

जलगुरू चौथऱ्यावर बसले होते. अंगात निळा झगा, पायांत मात्र भारी बूट. त्यांनी माइक जवळ ओढला. "पाणी ही विश्वाची स्मृती आहे. तुमच्या प्रश्नाचं कंपन पाण्यात उतरतं, कंपनाची ऊर्जा होते, ऊर्जेचं अक्षर होतं. आता विज्ञानही हेच म्हणतंय." विज्ञान काय म्हणतंय हे विज्ञान सोडून हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे माना डोलल्या.

तबकावर झारीने पाणी ओतलं गेलं. ते काठापर्यंत एकसारखं पसरलं, अगदी आरशासारखं. जलगुरूंनी संथ सुरात एक लांबलचक स्तोत्र सुरू केलं आणि तबक किंचित कलतं धरलं. पाणी काठावरून हळूहळू निथळत राहिलं. थर पातळ झाला, आणखी पातळ झाला, आणि मग त्यात एकाएकी भोकं पडायला लागली. भोकं रुंदावली, पाणी मागे सरकलं, आक्रसलं, जागच्या जागी गोळा झालं. स्तोत्र संपलं तेव्हा कोरड्या पितळेवर पाण्याने फुगीर, लखलखीत दोन अक्षरं काढली होती.

'नको.'

वहिनी रडायला लागल्या. दादांनी डोळे मिटून घेतले आणि कित्येक दिवसांनी त्यांचे खांदे सैल पडले. कशावरूनबाईंनी मात्र सवयीने तोंड उघडलं.

"कशावरून हे पाण्यानेच—"

"ते बघ की," दादा म्हणाले आणि भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर सोनेरी चौकटीत एका प्रयोगशाळेचा अहवाल माणसाएवढा मोठा करून लावला होता. 'सदर तबक शुद्ध पितळेचे असून त्यावर कोणताही परकीय पदार्थ आढळला नाही.' खाली शिक्का होता, आणि शिक्क्याखाली हातभर लांबीची सही. ती सही कशावरूनबाईंची होती.

"तूच तपासलंस," दादा प्रेमाने म्हणाले. "तुझ्यावर विश्वास नसता तर मी इथे आलोच नसतो."



तबक बाईंनी खरंच तपासलं होतं, आणि इमानदारीने तपासलं होतं. महिन्यापूर्वी त्यांचे साहेब स्वतः ते घेऊन आले होते. साहेबांनीही पाण्याला आपल्या बढतीबद्दल विचारलं होतं आणि पाणी 'हो' म्हणालं होतं. बढती आली नव्हती, पण कधी येईल ते पाण्याने सांगितलंच नव्हतं, तेव्हा पाण्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. तबक यंत्रात ठेवलं, लेसरचे ठोके मारले, पितळेतलं तांबं आणि जस्त मोजलं, सही केली. चूक काढायला कुठेही जागा नव्हती. मग पाण्याला एका जागी राहावंसं का वाटतं आणि शेजारच्या जागेवरून ते का पळतं?

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, बाई प्रयोगशाळेच्या बेसिनवर जेवणाचा डबा धूत होत्या. झाकण तेलकट होतं. नळाखाली धरलं तेव्हा पाणी झाकणभर पसरलं. नळ बंद करून झाकण कलतं केलं, तसं पाणी निथळलं, थर पातळ झाला, त्यात भोकं पडली, आणि तेलकट भाग सोडून पाणी एका कोपऱ्यात जाऊन बसलं. त्या कोपऱ्यावरून आधी साबणाचं बोट फिरलं होतं. हा चमत्कार त्या रोज दुपारी करत होत्या आणि त्याबद्दल त्यांना आजवर कोणी निळा झगा दिला नव्हता.

झाकण तसंच हातात घेऊन त्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, त्या तबकावर काहीतरी लावलेलं आहे. जिथे लावलंय तिथे पाणी ठरत नाही, जिथे नाही तिथे ठरतं. थर जाड असतो तोवर ते सगळीकडे पसरून राहतं. पातळ झाला की त्याचा तोल जातो आणि थर फाटतो."

"अहो, पण परकीय पदार्थ नाही असं तुम्हीच लिहिलंत ना?"

"लिहिलं. पण झाडू मारून लिहिलं."

झाडू हा त्या प्रयोगशाळेचा जुना रिवाज होता. लेसरचा एक ठोका वस्तूवर बसला की तिथला केसाहूनही बारीक थर उडतो आणि त्याची ठिणगी होते. ठिणगीच्या प्रकाशात कोणते रंग आहेत ते पाहून यंत्र सांगतं, थरात काय काय होतं. पण वरवर धूळ असते, बोटांचा मळ असतो. म्हणून प्रत्येक जागी पहिले काही ठोके नुसते साफसफाईचे मारायचे आणि त्यांचं मोजमाप टाकून द्यायचं. याला सगळे 'झाडू मारणं' म्हणत. नोकरीच्या पहिल्या दिवशी बाईंना हे शिकवलं गेलं. लिफ्टपासून पगारवाढीपर्यंत सगळ्याला 'कशावरून' विचारणाऱ्या बाईंनी झाडूला तो प्रश्न कधी विचारला नव्हता. तबकाची सगळी करामत वरच्या थरात होती, आणि तोच थर त्यांनी स्वतःच्या हाताने झाडून फेकून दिला होता. चोर पळाला तो पळाला, वर त्याच्या पायांचे ठसेही पोलिसांनीच पुसून दिले, असा तो प्रकार.

"आता तबक कुठून आणणार?" साहेबांनी सुटकेच्या आशेने विचारलं.

"तेच आणून देतील."

बाईंनी जलगुरूंच्या व्यवस्थापकाला फोन लावला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "अहवाल एकाच तबकाचा आहे. तुम्ही आणखी वापरत असाल तर त्यांनाही प्रमाणपत्र हवं. फुकट करून देऊ." फुकट हा शब्द ऐकल्यावर व्यवस्थापक बुधवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच दारात उभे. मखमली पिशवी सोपवताना त्यांनी बजावलं, "तोंड बांधून काम करा. उच्छ्वास लागता कामा नये."

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"पाणी रुसतं."

"इथे पाणी नाहीये. इथे लेसर आहे."

"तोही रुसेल," व्यवस्थापक गंभीरपणे म्हणाले आणि निघून गेले.

या वेळी बाईंनी झाडू मारला नाही. तबकाच्या कडेजवळ पहिलाच ठोका दिला आणि यंत्राच्या पडद्यावर सिलिकॉनची उंच रेघ उभी राहिली. त्याच जागी पुढचे ठोके देत गेल्या तशी ती रेघ बुटकी होत होत नाहीशी झाली आणि खालून तांबं-जस्त वर आलं. मग त्यांनी तबकाच्या मधोमध एक ठोका दिला. तिथे पहिल्यापासूनच नुसतं पितळ. बोटभर सरकल्या, पुन्हा सिलिकॉन.

साहेब मागे येऊन उभे राहिले होते. "सिलिकॉन म्हणजे धूळच की हो. धुळीत असतंच."

"एकीकडे बसायचं आणि शेजारी बसायचं नाही, इतकी शिस्तीची धूळ मी तरी पाहिलेली नाही," बाई म्हणाल्या. लेसरने पडलेले बारीक ठिपके नीट बघायला त्यांनी रुमाल खाली ओढला आणि थंड तबकावर वाकल्या. चष्मा पुसताना काचेवर 'हा' करतात तसा त्यांचा श्वास पितळेवर पसरला. तबक धुरकट झालं. धुरकट झालं नाही ते फक्त दोन अक्षरांपुरतं.

साहेब वाचून मागे सरकले. उद्या कोण येणार आणि काय विचारणार हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि उत्तर तयार होतं.

"पाणी लागलंच नाही," ते पुटपुटले.

"म्हणून तोंडं बांधतात," बाई म्हणाल्या.

त्यांनी घरी फोन केला. वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी सकाळीच हॉस्पिटलला नाही म्हणून कळवलं. आता हॉलवर आभार मानायला निघालोय." बाईंनी तबक पिशवीत घातलं आणि रिक्षाने सुटल्या. गुरुवार उद्यावर आला होता आणि दादाचा गळा दोन अक्षरांवर टांगलेला होता.

हॉल गच्च भरला होता. मुलीला परदेशी पाठवण्याबद्दल विचारायला आलेल्या जोडप्याचा नंबर परवा लागला नव्हता, तो आज लागायचा होता. बाईंच्या हातातली पिशवी पाहून व्यवस्थापकांनी आनंदाने माइकवर सांगून टाकलं, "आपल्या दुसऱ्या तबकाचाही शास्त्रीय अहवाल घेऊन ताई स्वतः आल्या आहेत." टाळ्या पडल्या. बाई चौथऱ्यावर चढल्या, तबक सगळ्यांसमोर उभं धरलं, रुमाल खाली ओढला आणि त्यावर 'हा' केलं.

पहिल्या रांगेला अक्षरं दिसली. बाकीच्यांना आरशांत दिसली, ती उलटी. 'नको.'

"प्रश्न कोणी विचारला?" बाईंनी विचारलं. "पाणी कुठे आहे?"

 पण जलगुरू असे हार जाणाऱ्यातले नव्हते. ते दयाळूपणे हसले. "बघा, अविश्वासाचा श्वास किती प्रखर असतो. पाणी इतकं घाबरलं, की यायच्या आधीच उत्तर देऊन मोकळं झालं."

आणि लोकांनी माना डोलवल्या. बाईंना तेव्हा खरा राग आला. लबाडाचा येत नाही इतका, डोलणाऱ्या मानांचा येतो. दंतवैद्य तर म्हणाले, "पटतं." बाईंनी सिलिकॉनचा विचार सोडून दिला. या गर्दीत त्यांना एकाच माणसाशी बोलायचं होतं.

"दादा, परवा तबक यायच्या आधी तू त्या मावशींना काय म्हणाला होतास?"

 दादांना आपलं वाक्य आठवलं. मला नाही करायचं. मावशीने ते ऐकून घेतलं, पडद्यामागे नेलं आणि पितळेवर घालून परत आणून दिलं. आपलीच भीती आपण दोन्ही हातांनी घेतली आणि वर तिचे आभार मानायला पुन्हा रांगेत उभे राहिलो. त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. ते उठले. मावशी आडवी आली, "बाळा, तिकडे नको," पण बाळ पन्नाशीचं आणि सव्वापाच फुटी मावशीपेक्षा बरंच उंच होतं. त्यांनी पडदा बाजूला सारला. मागे शेल्फवर तबकांच्या दोन चळती होत्या. एका चळतीला निळी दोरी, एकीला पांढरी. निळ्या चळतीवरचं एक तबक वेगळं काढून, झारीजवळ मांडून ठेवलेलं होतं.

दादांनी ते उचललं, तोंडाचा रुमाल सोडला आणि बसस्थानकाचे सगळे फलाट ज्या छातीने हलवत त्या छातीने त्यावर श्वास सोडला. मग ते तबक घेऊन बाहेर आले आणि जलगुरूंसमोरचा माइक त्यांनी स्वतःकडे वळवला. माइक हातात आला की दादांना दुसरी भाषा येतच नसे.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मुलीला परदेशी पाठवावे किंवा कसे, हा प्रश्न अद्याप विचारण्यात आलेला नाही. त्याचे उत्तर पडद्यामागे येऊन थांबले आहे. उत्तर आहे, 'हो'. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मुलीची आई उभी राहिली. "मी मावशींना सांगितलं होतं, मला तिला पाठवायचंय म्हणून," ती म्हणाली. बँकेचे मॅनेजर म्हणाले, त्यांनीही आपल्याला काय हवंय ते आधीच सांगून टाकलं होतं. मग हा म्हणाला, मग तो म्हणाला. एकेक रुमाल खाली यायला लागला. कोणी निळ्या दोरीची तबकं आणली, कोणी पांढऱ्या दोरीची, आणि हॉलभर लोक पितळेवर 'हा' करत सुटले. निळी दोरी म्हणजे 'हो', पांढरी म्हणजे 'नको'. विश्वाच्या स्मृतीची एवढीच काय ती वर्गवारी होती. जलगुरू त्या गडबडीत मागच्या जिन्याने उतरले. बूट चालण्याच्या सोयीचेच होते.

बाईंनी उरलेल्यांना सगळं समजावून सांगितलं. चिकटपट्टीची अक्षरं कापून तबकावर चिकटवायची. वरून गाडीच्या काचेला पावसात मारतात तो सिलिकॉनचा फवारा मारायचा, ज्याने पाणी काचेवर थांबत नाही. वाळला की अक्षरं सोलून काढायची. डोळ्याला काही दिसत नाही, बोटाला काही लागत नाही. पाणी ओतलं की आधी सगळीकडे पसरतं, पातळ झालं की फाटतं आणि जिथे फवारा नाही तिथे गोळा होतं. स्तोत्र लांब असायचं कारण पाणी निथळायला वेळ लागतो. श्वासाची वाफही तसंच करते. फवाऱ्यावर तिचे बारीक थेंब होतात म्हणून तो भाग धुरकट दिसतो, आणि उघड्या पितळेवर ती सपाट पसरते म्हणून अक्षरं चकचकीत राहतात.

"आणि तो अहवाल?" दंतवैद्यांनी भिंतीकडे पाहत विचारलं.

"तो चुकला होता. मी वरचा थर न बघताच फेकून दिला," बाई म्हणाल्या. स्टूल घेऊन त्या चढल्या आणि स्वतःची हातभर सही खिळ्यावरून उतरवली. दुसऱ्याच आठवड्यात प्रयोगशाळेत झाडूचे ठोकेही जपून ठेवायचा नियम झाला. त्यावर साहेबांची सही होती. बढतीबद्दल त्यांनी पुन्हा कोणाला विचारलं नाही.

हॉलमधून दादांनी स्वतः हॉस्पिटलला फोन लावला. सर्जनने आधी त्यांना बरंच सुनावलं आणि मग उद्याची जागा अजून रिकामी आहे म्हणून सांगितलं. दादा त्या रात्री खूप घाबरले होते. गुरुवारी सकाळी स्ट्रेचरवर जातानाही ते घाबरलेलेच होते. पण ती भीती आता त्यांची स्वतःची होती, कोणी पितळेवर वाढून दिलेली नव्हती.

आता एक गोष्ट सरळ सांगतो. चमत्कार खरा की खोटा हे ओळखायला लेसर लागत नाही. लेसरसुद्धा हुकतो, कारण तो चालवणाऱ्या माणसांना रिवाज असतात. एवढंच बघा, की समोरचा तुम्हाला तोंड उघडू देतो की बांधायला लावतो. जो प्रश्नाने रुसतो त्याच्याकडे उत्तर नसतं, मग त्याचा झगा निळा असो की पांढरा. आणि जे उत्तर तुमच्या मनासारखंच येतं, त्याच्यावर तर आधी 'हा' करून बघा.

ऑपरेशननंतर दहा-बारा दिवसांनी दादा, वहिनी आणि कशावरूनबाई सर्जनच्या खोलीत बसले होते. दादांचा आवाज अजून फुटक्या बासरीसारखा येत होता. बसस्थानकावर सध्या दुसरंच कोणी घोषणा करत होतं, आणि दादांच्या मते फार वाईट करत होतं. आवाज कितपत परत येईल हे सर्जनलाही नक्की सांगता येत नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलंही.

"पण गाठ पूर्ण निघाली आहे," सर्जन म्हणाले. "कुठेही पसरलेली नाही. तुम्ही वाचलात."

वहिनींनी डोळे टिपले. बाई पहिल्यांदाच काही न विचारता नुसत्या बसून राहिल्या. दादांनी मात्र घसा खाकरला, पुढे वाकले आणि होता तेवढा आवाज काढून म्हणाले,

"कशावरून?"

सर्जन हसले, खुर्ची जवळ ओढली आणि काढलेल्या गाठीचे फोटो टेबलावर मांडून पहिल्यापासून समजावून सांगायला लागले.